‘ओसाड’ ठरलेला बारसूचा सडा

राजापूरहून बारसूचा चढ संपला की आंबा-काजूची झाडी मागे राहते आणि समोर काळपट जांभ्याचा सडा पसरतो. एप्रिलच्या दुपारी इथे चपलेतूनही चटका बसतो. झाड नाही, सावली नाही. परक्या माणसाने पाहिलं तर म्हणेल, इथे आहे काय?

सरकारदरबारीही तसंच वाटलं. आधी याच राजापूर तालुक्यातल्या नाणारला रिफायनरी व्हायची होती, ती नको म्हणून लोक उठले आणि २०१९ मध्ये तिथल्या भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. सरकारी तेल कंपन्यांच्या या प्रकल्पाला मग दुसरी जागा हवी होती. जानेवारी २०२२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसू परिसरातली सुमारे १३ हजार एकर जमीन सुचवली. यातली बहुतेक जमीन ओसाड आहे, असा पत्राचा सूर होता. पुढे सरकार बदललं, जागा मात्र तीच राहिली. सत्तेबाहेर गेलेले ठाकरे मे २०२३ मध्ये बारसूला येऊन रिफायनरीविरोधी आंदोलकांच्या बाजूने बोलून गेले.

आता या ओसाडीत काय आहे ते पाहू. पावसात सच्छिद्र जांभा पाणी पितो आणि ते उताराखालच्या झऱ्यांना, विहिरींना मिळतं. सड्याच्या कडेने कलमं उभी आहेत. पावसाळ्यात इथे गवत वाढतं, गुरं चरायला येतात आणि कातळावरच्या चिमूटभर मातीतून रानफुलं उगवतात.

आणि कातळावर चित्रं आहेत. पायाखालच्या दगडात रेषा खोदून काढलेली. बारसूच्या सर्वांत प्रसिद्ध कातळशिल्पात मधे माणूस उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन मोठी जनावरं. अनेकांना ते वाघ वाटतात. चित्राचं वय किती, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण कोकणातल्या या परंपरेचं मूळ मध्याश्मयुगापर्यंत नेलं जातं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ कातळशिल्पस्थळं दाखल झाली, त्यांत बारसू आहे. ज्या वर्षी रिफायनरीसाठी इथली जागा सुचवली गेली, त्याच वर्षी.

एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणासाठी बोअर मारायची यंत्रं सड्यावर आली. त्यांच्याबरोबर मोठा पोलीस बंदोबस्त आला, जमावबंदी लागू झाली. बारसू, सोलगाव, गोवळ, शिवणे, देवाचे गोठणे या गावांतली माणसं कातळावर जमली. बायका तापल्या रस्त्यावर गाड्यांपुढे आडव्या झाल्या. ‘एकच जिद्द, रिफायनरी रद्द’ ही घोषणा सड्यावर घुमत राहिली. २८ एप्रिलला अश्रुधूर सोडला गेला. लाठ्या चालवल्याचा आरोप गावकऱ्यांनी केला, पोलिसांनी तो नाकारला.

तालुक्यात प्रकल्पाचे समर्थकही आहेत. घरटी एक माणूस मुंबईला जातो, गावं गणपती-शिमग्यापुरती भरतात, मग इथेच कामधंदा आला तर काय वाईट, असा त्यांचा सवाल असतो आणि तो खोटा नाही. पण आंबा, काजू आणि मासळीवर ज्यांचं घर चालतं त्यांना आपला रोजगार आधीच मिळालेला आहे. तो घालवून दुसरा कशाला घ्यायचा, हे त्यांचं उत्तर.

बोअर मारून झाले, यंत्रं परत गेली. त्यानंतर रिफायनरी उभी राहिलेली नाही. गावकरी मात्र निर्धास्त नाहीत, कारण नाणारची अधिसूचना रद्द झाल्यावरही प्रकल्प तालुक्याबाहेर गेला नव्हता.

बारसूला जायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात जा, तेव्हा सडा हिरवा असतो. मुंबई-गोवा महामार्गाने राजापूर गाठा, पुढची वाट गावात विचारा. शिल्पाच्या रेषांवर पाय देऊ नका, फोटोसाठी खडू फिरवू नका. आणि परतल्यावर कुणी या जागेला ओसाड म्हणालं, तर काय पाहिलंत ते त्याला सांगा.