क्लबाचे मालक आणि क्लबाचे लोक

एखाद्या दुकानातील माल निकृष्ट निघाला किंवा दुकानदाराने भाव अवाच्या सवा वाढविले, तर गिऱ्हाईक मुकाट्याने शेजारच्या दुकानात जाते. बाजारपेठेचा सारा व्यवहार गिऱ्हाइकाच्या या स्वातंत्र्यावर उभा आहे. फुटबॉलच्या क्लबाला मात्र हा नियम लागू पडत नाही. मँचेस्टर युनायटेडचा पाठीराखा संघाचा खेळ घसरला म्हणून शहरातल्याच दुसऱ्या क्लबाच्या, मँचेस्टर सिटीच्या, प्रेक्षागारात जाऊन बसला, असे सहसा घडत नाही. ही निष्ठा त्याला बहुधा वडिलांकडून मिळालेली असते आणि ती तो मुलाच्या हाती सोपवितो. क्लब विकत घेणारा धनिक मैदान, खेळाडू आणि बोधचिन्ह यांची किंमत मोजतो, त्याच वेळी ही न तुटणारी निष्ठाही विकत घेत असतो. पाठीराख्यांच्या संतापाचे मूळ येथे आहे. आपल्या प्रेमाचाच कोणीतरी हिशेब मांडला आहे, ही जाणीव त्यांना सलते.

या तक्रारीचा सर्वांत दीर्घ आणि उद्बोधक इतिहास मँचेस्टर येथेच घडला. १८७८ मध्ये न्यूटन हीथ येथील रेल्वे कारखान्यात डबे आणि वाघिणी बांधणाऱ्या कामगारांनी विरंगुळ्यासाठी हा क्लब स्थापन केला. १९०२ मध्ये तो कर्जात बुडून बंद पडण्याच्या बेतात असता जॉन हेन्री डेव्हिस नावाच्या मद्योत्पादकाने त्याला सावरले, आणि त्याच वर्षी क्लबाने मँचेस्टर युनायटेड हे नाव धारण केले. कप्तानाचा हरवलेला कुत्रा डेव्हिस यांच्या हाती लागला आणि त्यातून दोघांची गाठ पडली, अशी आख्यायिका तेथे सांगतात. धनवान मालक ही फुटबॉलला आलेली अलीकडची व्याधी आहे, असे मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल. १९१० साली खुले झालेले ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान याच डेव्हिसच्या पैशावर उभे राहिले.

फरक होता तो नियमांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्लब मर्यादित कंपन्यांचे रूप घेऊ लागले, तेव्हा इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्यांच्यावर काही बंधने घातली. भागधारकांना द्यावयाच्या लाभांशावर मर्यादा आली, संचालकांना वेतन घेण्यास मनाई झाली आणि क्लब मोडीत निघालाच, तर शिल्लक मालमत्ता खेळाच्याच कामी लागावी असे ठरले. थोडक्यात, क्लब ही कंपनी असली तरी नफा खाण्याचे साधन होऊ नये, असा या नियमांचा आशय होता. गावातला कारखानदार किंवा खाटीक संचालक होई तो मानासाठी. त्याच्या कारभारावर लोक रागावत, क्वचित त्याच्या नावाने शिमगाही करीत. पण तो गल्ला उचलून नेईल, अशी भीती कोणाला वाटत नसे.

हे कुंपण १९८३ मध्ये मोडले. लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर क्लबाने स्वतःच्या डोक्यावर एक धारक कंपनी उभी केली आणि तिचे समभाग शेअरबाजारात विकले. असोसिएशनचे नियम क्लबाला लागू होते, त्याच्या वरच्या कंपनीला नव्हते. पळवाट साधी होती आणि असोसिएशनने ती बुजविली नाही. माझ्या मते, इंग्लिश फुटबॉलचे पुढचे सारे रामायण या डोळेझाकीतून घडले. १९९१ मध्ये मँचेस्टर युनायटेडही शेअरबाजारात उतरला. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांपोटी पैशाचा ओघ वाहू लागला. १९९८ मध्ये बी-स्काय-बी या दूरचित्रवाणी कंपनीने ६२.३ कोटी पौंडांना हा क्लब घेऊ केला. पाठीराख्यांनी संघटित विरोध केला, प्रकरण मक्तेदारी आयोगापुढे गेले आणि एप्रिल १९९९ मध्ये सरकारने हा व्यवहार रोखला. पाठीराखे एखादा सौदा मोडू शकतात, हे त्या वेळी दिसले. सहा वर्षांनी मात्र तसे घडले नाही.

अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातले व्यावसायिक माल्कम ग्लेझर २००३ पासून क्लबाचे समभाग गोळा करीत होते. मे २००५ मध्ये जे. पी. मॅकमॅनस आणि जॉन मॅग्नियर या दोन आयरिश धनिकांनी आपला सुमारे २८.७ टक्क्यांचा हिस्सा त्यांना विकला आणि बहुमत त्यांच्या हाती आले. (या आयरिश मंडळींचे क्लबाचे व्यवस्थापक अॅलेक्स फर्ग्युसन यांच्याशी एका शर्यतीच्या घोड्याच्या मालकीवरून बिनसले होते. थोर संस्थांचे भवितव्य कधीकधी अशा तबेल्यातल्या भांडणांनी वळण घेते.) क्लबाची एकूण किंमत सुमारे ७९ कोटी पौंड ठरली. तिच्यापैकी ५० कोटींहून अधिक रक्कम कर्जाऊ होती. या कर्जाचा मोठा भाग खुद्द क्लबाच्या मालमत्तेच्या तारणावर उभारलेला होता.

ही युक्ती वाचकांनी नीट समजून घ्यावी, कारण सारा रोष तिच्याभोवती फिरतो. एखाद्याला आमराई विकत घ्यावयाची आहे, पण गाठीला पुरेसा पैसा नाही. तो त्याच आमराईच्या तारणावर सावकाराकडून कर्ज काढतो, त्या पैशातून आमराई घेतो, आणि पुढे दरवर्षी आंबे विकून सावकाराचे व्याज भागवितो. व्यवहार पूर्णपणे कायदेशीर आहे. पण पूर्वी आंब्यांचा पैसा खत, पाणी आणि नवी कलमे यांवर खर्च होई. आता त्याचा मोठा वाटा सावकाराच्या घरी जातो. मँचेस्टर युनायटेड हा ग्लेझर येण्यापूर्वी कर्जमुक्त आणि नफ्यात चालणारा क्लब होता. त्यानंतरच्या दोन दशकांत व्याज, कर्जासंबंधीचे खर्च आणि लाभांश या रूपाने एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम क्लबाबाहेर गेली. कर्जापैकी काही भागावरचे व्याज तर प्रारंभी १४ टक्क्यांच्याही वर होते.

ग्लेझर कुटुंबाच्या बाजूने काही सांगण्यासारखे नाही, असे नव्हे. त्यांच्या मालकीत २००७ ते २०१३ या काळात क्लबाने पाच वेळा लीग जिंकली आणि २००८ मध्ये मॉस्को येथे युरोपचे अजिंक्यपद मिळविले. जाहिरातदारांकडून मिळणारे उत्पन्न तर त्यांनी असे वाढविले की, इतर क्लबांनी त्यांचा कित्ता गिरवला. मग लोक चिडले कशासाठी? यश होते, तोवर पुष्कळांनी चीड गिळली हे खरे. परंतु तिकिटांचे दर चढत गेले. हंगामी तिकीट हवे असेल, तर चषकाच्या सामन्यांची तिकिटेही घेणे सक्तीचे झाले. मैदानाचे छप्पर गळू लागले, तेव्हा हाच पैसा येथे का आला नाही, हा प्रश्न कोणालाही सुचावा असा होता. २०१३ मध्ये फर्ग्युसन निवृत्त झाले आणि यशाचा पडदा बाजूला सरला.

पाठीराख्यांचा प्रतिकार दोन वाटांनी गेला. काहींनी आत राहून लढायचे ठरविले. २०१० च्या आरंभी ओल्ड ट्रॅफर्डवर संघाच्या लाल रंगाऐवजी हिरव्या आणि सोनेरी पट्ट्यांचे गळपट्टे दिसू लागले. न्यूटन हीथच्या त्या कामगारांचे हे मूळ रंग. त्या वर्षी मार्चमध्ये इटलीच्या मिलान संघाकडून खेळावयास आलेल्या डेव्हिड बेकहॅमने सामना संपल्यावर तसा एक गळपट्टा उचलून गळ्यात घातला, आणि ते छायाचित्र जगभर गेले. एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते : मालकाचा निषेध करणारेही प्रत्येक सामन्याचे तिकीट काढतच होते. त्यांचा आवाज मालकाच्या कानी पडत होता, पण गल्ल्यात घट होत नव्हती.

दुसरी वाट अधिक कठोर होती. २००५ मध्येच काही पाठीराख्यांनी आयुष्यभराचे नाते तोडले आणि एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा नवा क्लब काढला. त्याची घटना सहकारी संस्थेची आहे. सभासदाने कितीही पैसे घातले तरी त्याला मत एकच. देशाच्या फुटबॉलमधील अगदी खालच्या पायरीपासून त्यांनी प्रारंभ केला आणि २०१५ मध्ये ब्रॉडहर्स्ट पार्क हे स्वतःचे मैदान उभारले. लंडनमध्ये त्याआधी, २००२ साली, असाच प्रकार झाला होता. मालकांनी विंबल्डन हा क्लब सुमारे ऐंशी किलोमीटर दूर, मिल्टन कीन्स या नव्या शहरात हलविण्याची परवानगी मिळविली, तेव्हा मागे राहिलेल्या पाठीराख्यांनी ए. एफ. सी. विंबल्डन स्थापन केला. नऊ वर्षांत तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये आपल्या मूळच्या प्लाऊ लेन परिसरात परतला. मात्र अशी उदाहरणे विरळाच. बहुसंख्य माणसांना आपले प्रेम नव्या जागी लावता येत नाही, आणि त्यासाठी त्यांना दोष देता येणार नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मालकांचा हिशेब सर्वांसमोर उघडा पडला. युरोपातील बारा श्रीमंत क्लबांनी, ज्यांत इंग्लंडचे सहा होते, आपली स्वतंत्र ‘सुपर लीग’ जाहीर केली. संस्थापक क्लबांना तीतून खाली घसरण्याची भीती नव्हती. खेळातील हार-जीत राहील, पण हरण्याची शिक्षा राहणार नाही, अशी ती योजना होती. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांना माघार घ्यावी लागली. २ मे रोजी लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्यापूर्वी पाठीराखे ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात शिरले आणि सामना पुढे ढकलावा लागला. ज्या सामन्याची ते महिनोन् महिने वाट पाहत, तोच त्यांनी होऊ दिला नाही. या घडामोडींनंतर ब्रिटिश सरकारने चौकशी नेमली, आणि तिच्या शिफारशींतून २०२५ मध्ये फुटबॉलच्या कारभारावर स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा संमत झाला. मालकाची पात्रता तपासणे आणि क्लबाचे नाव, रंग व मैदान यांना संरक्षण देणे, हे त्याचे हेतू आहेत.

जर्मनीने हा प्रश्न अगोदरच निराळ्या रीतीने हाताळला होता. तेथे १९९८ पासून क्लबांना कंपनी काढता येते, पण मतांचा निम्म्याहून अधिक हिस्सा सभासदांच्या मूळ संस्थेकडेच राहावा लागतो. या नियमाला लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग असे अपवाद आहेत आणि पळवाटा शोधणारेही आहेत. तरी सुपर लीगच्या बारा क्लबांत एकही जर्मन क्लब नव्हता, हा योगायोग मानता येणार नाही.

आपल्या देशात हे दुखणे उलट्या बाजूनेही आले आहे. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये आणि फगवाड्याचा जे. सी. टी. २०११ मध्ये मालक कंपन्यांनी बंद केला. २०१६ मध्ये गोव्याचे साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग हे नामांकित क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. नव्या व्यापारी लीगच्या छायेत आपल्याला दुय्यम स्थान मिळणार, हे त्यांना मान्य नव्हते. मालकाला नफ्याची हाव सुटली तर लोक चिडतात. त्याला स्वारस्यच उरले नाही, तर चिडण्यासाठी क्लबही शिल्लक राहत नाही.

कलकत्त्याच्या मोहन बागानची कथा या दोहोंच्या मधली आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाने २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या संघाला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. एक खेळाडू वगळता बाकीचे सारे अनवाणी खेळले होते. बंगालमध्ये हा विजय केवळ खेळातला विजय मानला गेला नाही. शतकानंतर क्लबाला पैशाची चणचण भासू लागली, आणि २०२० मध्ये संजीव गोएंका यांच्या उद्योगसमूहाने त्याच्या फुटबॉल कंपनीचे ८० टक्के समभाग घेतले. या समूहाचा ए. टी. के. नावाचा संघ २०१४ मध्येच जन्मलेला. त्याचे मोहन बागानशी एकीकरण झाले. हिरवा आणि मरून रंग राहिला, शिडाची नौकाही राहिली, पण नाव झाले ए. टी. के. मोहन बागान. पाठीराख्यांना पैसा नको होता असे नाही. सहा वर्षांच्या संघाची तीन अक्षरे एकशेतीस वर्षांच्या नावापुढे लागावीत, हे त्यांना सहन झाले नाही. ‘ए. टी. के. हटवा’ ही त्यांची मागणी पुढे तीन वर्षे टिकली.

१८ मार्च २०२३ रोजी गोव्यात फातोर्डा येथे संघाने बंगळूरू एफ. सी. संघाला पेनल्टी किकांवर हरवून इंडियन सुपर लीगचा चषक जिंकला. त्याच रात्री गोएंका यांनी ती तीन अक्षरे काढल्याचे जाहीर केले. पुढच्या हंगामापासून क्लब मोहन बागान सुपर जायंट या नावाने खेळू लागला. नावातले मागचे दोन शब्द त्याच समूहाच्या क्रिकेट संघांवरून आलेले आहेत; तसाच एक संघ २०१६ आणि २०१७ या दोन वर्षांत पुण्याच्या नावाने खेळला होता.