फिजिओथेरपी केली तर मूल चालेल का?

"डॉक्टर, फिजिओथेरपी केली तर पोरगं चालंल का?" हा प्रश्न विचारणारे आईवडील उत्तराची वाट पाहत डोळ्यांत डोळे घालून बसलेले असतात. त्यांना 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर हवे असते आणि नेमके तेच देता येत नाही. आज या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार करू, कारण या एका प्रश्नापायी आपल्या भागात काही घरे कर्जबाजारी झालेली आहेत, तर काही घरांत उपाय असूनही मूल नुसते अंथरुणावर पडून राहिलेले आहे.

ज्या मुलांबद्दल हा प्रश्न येतो त्यांतील बऱ्याच जणांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात असतो. हजार बाळांमागे साधारण दोन-तीन बाळांना तो होतो. पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतर सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. बाळ दिवस भरण्याच्या फार आधी जन्मले, जन्मताच रडले नाही, कावीळ फार वाढली, मेंदूज्वर झाला, अशी काहीतरी हकीकत पुष्कळदा मिळते. कधी कधी काहीच मिळत नाही. विल्यम लिटल या इंग्रज डॉक्टरने 1843 च्या सुमारास या आजाराचे वर्णन प्रथम नीट मांडले. खेड्यात अजूनही काही वडीलधारे याला 'पोलिओ' म्हणतात. तो पोलिओ नव्हे. पोलिओत पाय लुळा पडतो, सेरेब्रल पाल्सीत बहुधा तो ताठ होतो. शिवाय भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला आहे आणि 2014 साली देश पोलिओमुक्त जाहीर झाला.

या आजारात मेंदूची इजा वाढत जात नाही. पण हाडे वाढतात आणि ताठ स्नायू त्या बेताने लांबत नाहीत. म्हणून उपचार न झालेल्या मुलाची टाच हळूहळू उचलली जाते, गुडघे वाकतात, मांड्या कात्रीसारख्या एकमेकींवर येतात, खुब्याचा सांधा सरकू लागतो. "मोठा झाला की आपोआप सुधारेल" हे वाक्य या मुलांच्या बाबतीत म्हणूनच महागात पडते.

मग थांबायचे किती? जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून 2006 साली काही मर्यादा दिल्या. आधाराशिवाय बसणे 9.2 महिन्यांपर्यंत, आधाराशिवाय उभे राहणे 16.9 महिन्यांपर्यंत आणि एकट्याने चालणे 17.6 महिन्यांपर्यंत, जवळपास सर्व निरोगी मुले एवढ्या मुदतीत हे करतात. रांगण्याचे मात्र तसे नाही. काही मुले रांगतच नाहीत, एकदम उभी राहतात, आणि त्यांत काही बिघडलेले नसते. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल तर वयातून ते दोन महिने वजा करून हिशेब करावा. याखेरीज चार-पाच महिन्यांनंतरही मुठी घट्ट मिटलेल्या असणे, उभे धरले की चवड्यावर उभे राहणे, लंगोट बदलताना पाय फाकवता न येणे या खुणा आईच्या हाताला डॉक्टरच्या आधी कळतात. वर्षाच्या आतले बाळ एकाच हाताने सगळे धरत असेल तर "डावखुरा आहे" म्हणून कौतुक करू नये. दुसरा हात तपासून घ्यावा.

आता एका मुलाची हकीकत सांगतो. गाव आणि नाव मुद्दाम सांगत नाही. मूल साडेसात महिन्यांचे जन्मले, काही दिवस काचेच्या पेटीत होते. सव्वा वर्षाचे झाले तरी बसत नव्हते. आजीचे म्हणणे, मुलगे उशिराच चालतात. तपासणीत दोन्ही पाय ताठ, हात बरे, समज चांगली असे आढळले. व्यायाम सुरू झाले. दोन वर्षांच्या आत ते हात टेकून बसू लागले. तेवढ्यात कोणीतरी सांगितले की शहरात रोज दोन-तीन तास फिजिओथेरपी देतात आणि मूल चालूनच घरी येते. वडिलांनी एक एकर विकायला काढले. एवढे कशाला, असे सांगून ते थांबवले. पण तीन आठवडे मायलेकरे शहरात राहून आली, आणि त्याचा फायदा झाला हे कबूल केलेच पाहिजे. जाताना मूल बसवले तर बसे. आले तेव्हा कुशीवर वळून स्वतः उठून बसत होते. दोन्ही हात मोकळे ठेवून खेळत होते. दिवाणाला धरून दोनेक मिनिटे उभे राहत होते. ते चालत मात्र नव्हते. वडील त्यामुळे नाराज होते.

पुढे सोयाबीनची काढणी आली. आई रानात, मूल आजीजवळ. दीड महिना व्यायाम बंद राहिले आणि पोटऱ्या पुन्हा ताठल्या. यात आईला दोष देणाऱ्यांनी एकदा तिचा दिवस पहाटेपासून मोजून पाहावा. इथे फिजिओथेरपिस्टने शहाणपणा केला. वेगळा तास काढायलाच सांगितला नाही. जेवताना मुलाला जमिनीवर मांडीत न घेता, पाय टेकतील अशा बुटक्या पाटावर बसवायचे. खेळणी दिवाणावर ठेवायची, म्हणजे घ्यायला उभे राहावे लागते. आजोबांनी गोष्ट सांगताना दोन्ही बाजूंना पाय सोडून मांडीवर बसवायचे, म्हणजे मांड्या फाकतात. गावच्या सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला आणि तो पुढे पळू नये म्हणून त्यावर वीट बांधली. आज ते मूल चार वर्षांचे आहे. पायांत स्प्लिंट घालून, वॉकर धरून अंगणवाडीत जाते. एकट्याने चालत नाही. पण शी-शूला सांगते आणि धरून बसते, आणि आईच्या कमरेवरचे ओझे उतरले आहे.

त्या तीन आठवड्यांत नेमके काय घडले असावे? लहान मुलाचा मेंदू वापराप्रमाणे नवे रस्ते तयार करतो. पण ते तयार होतात मुलाने स्वतः केलेल्या हालचालीने, दुसऱ्याने त्याचे हातपाय हलवल्याने नव्हे. तेलमालीश करावी, मुलाला बरे वाटते, आईचाही जीव रमतो. मात्र मालिशीने मूल बसायला शिकत नाही. इंग्लंडमध्ये 56 मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2001 साली प्रसिद्ध झाले. काहींना सहा महिने आठवड्यातून पाच दिवस रोज तासभर फिजिओथेरपी दिली, काहींना नेहमीसारखी. शेवटी दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. म्हणजे नुसते तास वाढवून भागत नाही. याउलट एखादे ठरावीक काम, जसे पेला तोंडाशी नेणे किंवा पाटावरून उठणे, मुलाच्या घरात, त्याच्या आवडीने, रोज अनेकदा करून घेतले की ते जमू लागते, याला चांगला पुरावा आहे. एका बाजूच्या पक्षाघातात चांगला हात काही काळ बांधून दुबळ्याकडून काम करवून घेतात, त्याचाही उपयोग होतो. घरी परस्पर हात बांधू नये, तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच.

आणखी एक कटू भाग आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. कॅनडात 657 मुलांना काही वर्षे सतत तपासून 2002 साली असे दाखवले गेले की तीव्रतेच्या पाच पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवरचे मूल हालचालीत कुठवर जाईल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. या प्रगतीचा बहुतेक भाग पाच वर्षांच्या आतच होतो. आजार जास्त तीव्र असेल तर त्याहून लवकर. दोन वर्षांच्या आत स्वतः बसणारे मूल पुढे बहुधा चालते. चार वर्षांपर्यंत न बसलेले क्वचितच चालते. घाई सुरुवात करण्याची करायची ती याचसाठी.

"महिन्यात चालवून दाखवतो" म्हणणाऱ्यांचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर फिरतात. आधीचे मूल, नंतरचे मूल. मधल्या काळात मूल वाढलेले असते हे कोणी सांगत नाही. कॅनडातच 111 मुलांना दाबाखालच्या पेटीत बसवून प्राणवायू देण्याचा प्रयोग झाला; निम्म्यांना प्राणवायू, निम्म्यांना किंचित दाबाची साधी हवा. 2001 साली निकाल आला तेव्हा दोन्ही गट सारखेच सुधारले होते! स्टेम सेलचेही तसेच. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे काही आजार सोडले तर हा अजून संशोधनाचा विषय आहे, मान्य उपचार नव्हे. त्यासाठी जमीन विकू नये.

सुरुवात फुकट होऊ शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला. त्याचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, पाहुणे हसतील म्हणून तर नाहीच. पथक पुढे जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. कळंब, परंडा किंवा उमरग्याहून रोज जिल्ह्याच्या गावी येणे कोणालाच परवडणारे नाही आणि रोज येण्याची गरजही नाही. आठ-पंधरा दिवसांनी येऊन नवे काम शिकून जावे व घरी करावे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे. 40 टक्के किंवा अधिक असेल तर एसटीच्या सवलतीसह अनेक योजना त्यावर मिळतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी नॅशनल ट्रस्टची 'निरामय' विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत असून तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो.

फिजिओथेरपीच्या नादात बाकीचे विसरू नये. खुब्याचा एक्स-रे डॉक्टर सांगतील तेव्हा काढावा. झटके येत असतील तर औषध परस्पर बंद करू नये. कान आणि डोळे तपासावेत. गिळायला अवघड जाणाऱ्या मुलाला आडवे निजवून घास भरवू नये; बसवून, मऊ भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, तूप-तेल घालून द्यावी. उपाशी स्नायू व्यायाम करू शकत नाहीत.

आणि ज्याचे पाय चालणार नाहीत त्याचे डोके चालू शकते. मुंबईत 1972 साली स्पॅस्टिक्स सोसायटी काढणाऱ्या मिठू अलूर यांची मुलगी मालिनी चिब हिला हाच आजार. ती खुर्चीवर बसून झेवियर्स कॉलेजात शिकली, लंडनहून एम.ए. झाली आणि एका बोटाने टाइप करून तिने स्वतःचे पुस्तक लिहिले. तेव्हा मूल चालेपर्यंत शाळेचे नाव काढायचे नाही, असे करू नका.

तपासणीला येताना बाळंतपणाच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर आणावे. मूल घरी कसे बसते, कसे जेवते याचे मोबाइलवर चित्रण करून आणले तर फार बरे. दवाखान्यात मूल रडते आणि निम्म्या गोष्टी दिसतच नाहीत.