ज्ञानकोशाला इशाऱ्याची पट्टी हवी का?

अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर आलं. प्रयोग संपला की खुनी कोण हे बाहेर फोडू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. विकिपीडियावर मात्र खुन्याचं नाव सरळ लिहिलेलं आहे. २०१० मध्ये ख्रिस्तीच्या नातवाने यावर नाराजी व्यक्त केली. नाव जागचं हललं नाही.

एकेकाळी तिथे ‘पुढे रहस्यभेद आहे’ अशी पट्टी असायची. २००७ मध्ये संपादकांनी बऱ्याच वादानंतर ती काढायला सुरुवात केली. ‘कथानक’ या मथळ्याखाली कथानक असणारच, मग वेगळा इशारा कशाला? मला हे पटतं. माहिती शोधायला येऊन माहिती मिळाल्याची तक्रार कशी करायची?

रोर्शाक चाचणीचं प्रकरण इतकं सोपं नाही. शाईच्या डागांची ती दहा चित्रं १९२१ साली प्रसिद्ध झाली. २००९ मध्ये कॅनडातल्या एका डॉक्टरांनी ती सगळी विकिपीडियावर चढवली, तेव्हा मानसशास्त्रज्ञ खवळले. चित्रं आधी पाहिलेल्या माणसाची चाचणी घेऊन काय कळणार, असा त्यांचा सवाल होता. स्वामित्वहक्क संपलेला, त्यामुळे चित्रं राहिली. इथे नुकसान रुग्णाच्या निदानाचं आहे, नाटक बघायच्या मजेचं नव्हे. म्हणून ‘आधी पाहिल्यास निष्कर्षावर परिणाम होऊ शकतो, असं तज्ज्ञ म्हणतात’ हे वाक्य नोंदीत वरच हवं. तीही चाचणीविषयीची माहितीच आहे.

सरसकट पट्ट्यांची खरी अडचण म्हणजे त्या लावायच्या कुणी? २०११ मध्ये नको ती चित्रं वाचकाला स्वतःपुरती झाकता यावीत, अशी सोय विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने सुचवली. वरवर निरुपद्रवी वाटणारी ही कल्पना जर्मन संपादकांनी जोरात हाणून पाडली. शरीरशास्त्राची आकृती, युद्धातलं प्रेत, पैगंबरांचं जुनं लघुचित्र यांतलं ‘आक्षेपार्ह’ काय, हे ठरवणारा शेवटी कुणाची तरी बाजू घेणारच. पुढे ती योजना बारगळली. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने तर वाचकाचं मत आधीच कलुषित करणाऱ्या लेबलांना १९५१ सालीच विरोध नोंदवला होता.

शब्दकोशाची गोष्ट मात्र वेगळी. जातिवाचक शिवी कोशात असावी, आणि तिच्यापुढे ‘अवमानकारक’ असंही छापावं. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला ते कळलं नाही, तर दोष कोशाचा.