कॅमेरा एक, लेन्स किती?

नळदुर्ग, जळकोट, उमरगा या पट्ट्यात लग्नाचे फोटो काढून घराला हातभार लावणारी बरीच तरुण मुले आहेत. त्यांतली काही माझ्या वर्गातून शिकून गेली. एखाद्या निकाहाच्या मंडपात भेटली की सलाम-दुआ होते आणि दुसऱ्याच वाक्याला विषय निघतो, "सर, आता फुल फ्रेम घ्यायचाय." दोन वर्षांपूर्वी हाच मुलगा म्हणत असतो, एक चांगला कॅमेरा मिळाला की बस! मग लेन्स आली, फ्लॅश आला, गिंबल आला. प्रत्येक वस्तू हप्त्यावर. बहिणीची फी, अब्बांची औषधे आणि लेन्सचा हप्ता एकाच खिशातून जातात. व्याजाचा प्रश्न तर आणखी वेगळा.

जगभरचे फोटोग्राफर या सवयीला थट्टेने 'गॅस' म्हणतात. 'गिअर अक्विझिशन सिंड्रोम' या शब्दांची ती आद्याक्षरे. हा शब्द आधी गिटार वाजवणाऱ्यांत निघाला, म्हणजे रोग फक्त कॅमेऱ्याचा नाही. आपल्या घरांत गॅस संपतो तेव्हा पंचाईत होते, यांचा चढतो तेव्हा.

शौकाला माझा विरोध नाही. पण वस्तू विकत घेण्याआधी थोडे गणित मांडावे. अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान उत्तम छापायला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे ३६०० गुणिले ५४००, सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा हे पान आरामात भरतो. तो विकून ४५ मेगापिक्सेलचा घेतला तर आकडा जवळजवळ दुप्पट दिसतो, पण फोटोची लांबी आणि रुंदी वाढते फक्त १.३७ पट. आणि पाहुणे तो फोटो पाहणार मोबाइलवर!

लेन्सचे गणित याहून बोलके आहे. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी साधी झूम लेन्स पूर्ण झूम केल्यावर बहुधा एफ ५.६ वर येते. त्याऐवजी ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावली तर जवळपास दहापट प्रकाश आत येतो. कार्यालयाच्या मिणमिणत्या दिव्यांत हा फरक डोळ्यांना दिसतो, आणि ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी असते. इथवरचा खर्च मला पटतो. पण मोह पुढच्या पायरीचा असतो, एफ १.४ चा. तिथे प्रकाश वाढतो जेमतेम १.६५ पट आणि किंमत मात्र कित्येक पट. दुल्हनला दोन पावले खिडकीकडे सरकवले तर त्याहून जास्त उजेड मिळतो, फुकट.

उजेडाचे हे महत्त्व ओळखायला लेन्सही लागत नाही. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला आणि 'किताबुल मनाझिर' लिहिली. आपली मुले शाळेत पुठ्ठ्याच्या खोक्याचा सूचिछिद्र प्रतिमाग्राहक करतात, तो त्याच तत्त्वावर चालतो.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली, पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही. (हे वाचून कुणी अम्मीच्या बांगड्यांकडे पाहू नये.) कॅमेरा आल्यावर पैसे लावणारा माणूस हवा होता. त्याला काय दाखवायचे? फाळक्यांनी कॅमेरा वाटाण्याच्या रोपासमोर पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे-थोडे चित्रण करत राहिले. पडद्यावर बघता बघता रोप वाढले. 'अंकुराची वाढ' या छोट्या फिल्मने भांडवल मिळवून दिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. कोऱ्या फिल्मला कडेची भोके पाडण्याचे, ती धुण्याचे काम सरस्वतीबाई घरीच करत, शिवाय सगळ्या कलाकारांचा स्वयंपाकही. महिना-सव्वा महिना एका रोपासमोरून न हललेला तो कॅमेरा मला फार मोलाचा वाटतो. आमची मुले एका लेन्सने आठवडाभर काम करायलाही कंटाळतात.

नळदुर्गचा किल्ला जवळच आहे. बोरी नदीवरचा बंधारा आणि त्यातला पाणीमहाल इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातला, १६१३ चा. पावसाळ्यात नर-मादी धबधबे सुरू झाले की गर्दी उसळते. पाणी रेशमासारखे दिसणारा फोटो महागड्या कॅमेऱ्याशिवाय निघत नाही असा समज आहे. खरे तर त्याला लागतो पाव सेकंदाचा शटर आणि न हलणारा कॅमेरा. सकाळची किंवा ढगाळ वेळ पाहावी, साध्याच लेन्सचे छिद्र एफ २२ पर्यंत लहान करावे, आयएसओ सर्वांत कमी ठेवावा. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा सुरक्षित जागी भक्कम दगडावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. बोट लागून येणारा हलकासा धक्काही मग जाणवत नाही.

काही खरेदी टाळू नये, हेही सांगायला हवे. दुसरी बॅटरी, दुसरे मेमरी कार्ड, फोटोंची प्रत ठेवायला हार्ड डिस्क. ज्याची रोजी यावर आहे त्याने साधा का होईना, दुसरा कॅमेरा बाळगावाच, कारण ऐन निकाहात कॅमेरा बंद पडला तर तो क्षण परत मिळत नाही. आणि घट्ट झाकणाचा डबा व सिलिका जेल. कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला पावसाळ्यात आतून बुरशी लागते. हौसेने घेतलेली लेन्स वापराविना अशी खराब होते, तेव्हा हप्ते मात्र चालूच असतात.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याला अशीच एक मोठी टेलिफोटो लेन्स घ्यायची होती. मी त्याला छापून झालेले जुने अल्बम उघडायला लावले. कॅमेरा प्रत्येक फोटोबरोबर लेन्सचा आकडा नोंदवून ठेवतो, तो संगणकावर पाहता येतो. छापलेले बहुतेक फोटो त्याच्या जुन्या ५० च्या लेन्सचे निघाले. तो थोडा हिरमुसला, पण समजला. आता घरात असे ठरले आहे की मोठी लेन्स लागेल तेव्हा भाड्याने आणायची आणि भाडे वहीत लिहायचे. वर्षाचे भाडे लेन्सच्या किमतीच्या एक तृतीयांशावर गेले तर रोखीने विकत घ्यायची. वही त्याच्या अम्मीकडे असते. या मोसमात त्या पानावर दोनच नोंदी झाल्या आहेत.