तेराशे किलोमीटरचे गणित

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ११५० किलोमीटर. विमानाला साधारण दोन तास लागतात. दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना आणि असेन्शन या दोन ब्रिटिश बेटांमधले अंतर याहून थोडेच जास्त, म्हणजे सुमारे १३०० किलोमीटर आहे. वेळही जवळपास तेवढाच. पण दिल्लीत धुके पडले तर वैमानिक जयपूर किंवा लखनौला उतरू शकतो. या दोन बेटांच्या मध्ये नुसते पाणी आहे.

अंतर काढणे तसे सोपे. पृथ्वी गोल, त्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग सरळ रेषा नसून कंस असतो. या दोन बेटांमधला कंस ११.७ अंशांचा भरतो. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, झाले तेराशे. त्याला ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागले की दीड तासाहून थोडे अधिक येते. चढण, उतरण आणि धावपट्टीवरची ये-जा धरली की दोन तास.

खरे गणित इंधनाचे. प्रत्येक विमान मुक्कामाच्या ठिकाणी उतरता आले नाही तर दुसरीकडे पोहोचण्यापुरते इंधन जवळ ठेवते. बेटाजवळ दुसरीकडे काही नसेल, तर हा साठा परतीच्या प्रवासाएवढाही होऊ शकतो. जास्त इंधन म्हणजे जास्त वजन, आणि मग प्रवासी कमी. म्हणूनच जोहान्सबर्गहून सेंट हेलेनाला येणारे विमान वाटेत नामिबियात इंधन भरून घेते.

त्यात सेंट हेलेनाचा वारा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवर, कड्याच्या टोकाला आहे. आग्नेयेकडून येणारा वारा कड्यांवर आपटून वरखाली होतो आणि उतरत्या विमानाखालचा वारा काही क्षणांत बदलतो. याला ‘विंड शिअर’ म्हणतात. २८ कोटी पौंडांहून अधिक खर्चाचा हा विमानतळ २०१६ मध्ये तयार होता, पण याच कारणाने नियमित प्रवासी सेवा १४ ऑक्टोबर २०१७ पर्यंत लांबली. गंमत अशी, की धूमकेतूवाले एडमंड हॅले १६७७ मध्ये याच बेटावर आकाश पाहायला आले होते आणि पुढे १६८६ मध्ये व्यापारी वाऱ्यांचा नकाशा त्यांनीच प्रसिद्ध केला. वाऱ्याची ओळख जुनी होती. कड्याजवळचे त्याचे वागणे मात्र विमाने नेऊन पाहावे लागले.

बेटावर चार हजारांहून थोडे अधिक लोक राहतात आणि त्यांच्यापैकी अनेक जण असेन्शनवर नोकरी करतात. राजधानी जेम्सटाउनमध्ये रुग्णालय आहे, पण गुंतागुंतीच्या उपचारांसाठी दक्षिण आफ्रिका गाठावी लागते. विमानतळापूर्वी हा प्रवास जहाजाने होई; केपटाउनपर्यंत पाच दिवस. आता तो काही तासांवर आला आहे. एवढा फरक कर्करोगाच्या किंवा गुंतागुंतीच्या बाळंतपणाच्या रुग्णासाठी फार मोठा आहे.

पक्षाघाताचे मात्र वेगळे. मेंदूतील गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे दिसल्यापासून साधारण साडेचार तासांत द्यावे लागते. जोहान्सबर्गचा प्रवासच त्याहून मोठा, शिवाय विमान आधी बेटावर यायला हवे. अशा रुग्णाचे पहिले निदान आणि पहिला उपचार जेम्सटाउनलाच व्हावा लागतो.