धांवणारा गणिती

संगणकासाठीं आज्ञावली लिहिण्याच्या व्यवसायांत पडलेलीं तरुण मंडळी सहा दिवस खुर्चीस खिळून बसतात आणि सुटीच्या पहांटे दहा-दहा मैल धांवतात, हें पाहून पुष्कळ घरांतील वडील नाक मुरडितात. त्यांनीं या विद्येच्या आद्य आचार्याचें, ॲलन ट्यूरिंग (१९१२–१९५४) याचें चरित्र अवश्य पाहावें.

मे १९२६ मध्यें इंग्लंडांत सार्वत्रिक संप होऊन आगगाड्या बंद पडल्या. तेव्हां हा तेरा वर्षांचा मुलगा साउदॅम्प्टनहून शेरबोर्नच्या शाळेंत, सुमारें ६० मैल, सायकलीवरून एकटा गेला. पुढें केंब्रिजास असतां त्यास दूरवर धांवण्याचा नाद लागला. १९३५ च्या उन्हाळ्यांत असाच धांवून ग्रँटचेस्टरच्या कुरणांत विसांवला असतां त्यास एक कल्पना सुचली, असें त्यानें मागाहून एका मित्रास सांगितलें. नेमून दिलेल्या आज्ञांप्रमाणें फितीवरील एकेक खूण वाचावी, पुसावी, नवी लिहावी, असें तें यंत्र! (पाणिनीच्या सूत्रांवरून क्रमाक्रमानें रूपसिद्धि करणाऱ्या शास्त्र्यास ही रीति अगदींच परकी वाटूं नये.) १९३६ चा त्याचा सुप्रसिद्ध निबंध याच कल्पनेवर उभा आहे.

महायुद्धानंतर संगणकाच्या रचनेचें काम करीत असतां मनावरील ताण घालविण्यास जोरानें धांवण्यावांचून त्यास दुसरा उपाय सांपडेना. हें धांवणें म्हणजे निव्वळ फेरफटका नव्हे. १९४७ सालच्या मॅरॅथॉन शर्यतींत तो २ तास ४६ मिनिटें ३ सेकंदांत पांचवा आला. दुसऱ्या वर्षीं लंडनच्या ऑलिंपिकमधील विजेत्यास याहून अवघीं अकरा मिनिटें कमी लागलीं.