मासा पकडा, पण कॅमेऱ्यात!

यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गावांतून हल्ली कितीतरी घरांच्या बैठकीत माशांची काचपेटी दिसते. मुलांनी हट्ट धरला म्हणून ती येते, आणि महिन्याभरात तिचं पाणी बदलणं, माशांना खाऊ घालणं, काच पुसणं हे सारं गृहिणीच्याच वाट्याला येतं! मग एखाद्या दुपारी स्वयंपाकघरातलं आवरून ती त्या पेटीसमोर घटकाभर बसते. काय सुंदर दिसतोय हा मासा, एक फोटो घ्यावा, असं तिच्या मनात येतं. हाताशी मोबाइल असतोच. फोटो निघतो, पण मासा पुसट, काचेवर पांढरा झोत आणि मधोमध आपलाच चेहरा!

मैत्रिणींनो, यात मोबाइलचा दोष नाही आणि आपला तर मुळीच नाही. काच, पाणी आणि सतत हलणारा मासा, या तिघांशी एकदम जमवून घ्यायचं म्हणजे थोडी रीत माहीत हवी. ती कळली की आठ-पंधरा दिवसांत हात बसतो. आणि या हौसेचा एक मोठा फायदा आहे. फोटोसाठी मासा निरखायची सवय लागली की त्याचं दुखणंखुपणंही वेळेवर कळतं.

आधी काच, मग कॅमेरा

बाहेरची काच मऊ, सुती फडक्याने कोरडी पुसावी. आतलं शेवाळ नव्या स्पंजने काढावं. साबण किंवा भांड्यांची पावडर मात्र आत जाता कामा नये. माशांना ती विषासारखी आहे. घासल्यावर पाण्यात कण तरंगतात, ते खाली बसायला अर्धा-पाऊण तास द्यावा.

आता खोलीतले दिवे मालवा, पडदे ओढा, दूरदर्शन संच बंद करा. पेटीवरचा दिवा तेवढा चालू राहू द्या. बाहेर अंधार आणि आत उजेड असला की काचेत आपलं प्रतिबिंब पडत नाही. तरी पडलंच, तर जुन्या काळ्या ओढणीला भोक पाडून त्यातून मोबाइलचं भिंग बाहेर काढावं आणि बाकी ओढणी काचेसमोर धरावी. मोबाइल काचेला अगदी लगत आणि सरळ समोर धरायचा. तिरका धरला की काचेतून आणि पाण्यातून येणारा प्रकाश वाकतो आणि मासा फिसकटलेला दिसतो.

मोबाइलचा फ्लॅश बंदच ठेवावा. तो काचेवरून थेट भिंगात परततो. शिवाय माशांना पापण्या नसतात, डोळे मिटून घ्यायची सोय त्यांना नाही! उजेड वाढवायचा तर वरून वाढवावा. पेटीच्या काचेच्या झाकणावर टेबललॅम्प चालतो, पण तो पाण्यात कलंडणार नाही असा घट्ट बसवावा आणि ओल्या हाताने बटणाला हात लावू नये.

फोटोत कधी आडवे काळे पट्टे येतात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेऱ्यांची, म्हणून काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. मोबाइलमध्ये शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर तो १/१०० ठेवावा, पट्टे जातात. चपळ माशासाठी मात्र १/२०० च्या पुढचा वेग लागतो, आणि तेवढ्या वेगाला उजेडही जास्त लागतो.

माशाच्या मागे धावू नका

नव्याने शिकणारीने संथ माशापासून सुरुवात करावी. एंजल किंवा गोल्डफिश बरा. गप्पी मासे तर आपल्या ओळखीचेच. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं ते टाक्यांत, डबक्यांत सोडतात. त्यातला नर इवलासा, पण शेपटी अशी की पैठणीचा पदर!

मासा ज्या वाटेने पुन्हापुन्हा जातो ती वाट दहा मिनिटं नुसती पाहावी. मग त्या वाटेवरचं एक पान किंवा दगड धरून कॅमेऱ्याची नजर तिथे बसवावी आणि मासा येण्याची वाट पाहावी. नजर माशाच्या डोळ्यावर असावी. डोळा स्पष्ट आला की शेपटी थोडी पुसट आली तरी फोटो जिवंत वाटतो. वीस काढावेत, एक ठेवावा, बाकीचे पुसून टाकावेत. फिल्म वाया जाण्याची धास्ती आता कुठे आहे?

मागची बाजू साधी हवी. बाहेरून मागच्या काचेला काळा कार्डपेपर चिकटवला की रंग उठून दिसतात. आत ठेवायला आपल्या जिल्ह्यातला काळा दगड उत्तम. साबणाशिवाय घासून, उकळत्या पाण्याने धुऊन तो ठेवावा. वणीकडे चुनखडीचा दगडही मिळतो, तो मात्र पाण्याचा जडपणा वाढवतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. दगडावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. फसफसला तर तो पेटीत नको.

फोटो हीच माशांची वही

दर रविवारी प्रत्येक माशाचा दोन्ही बाजूंनी एक-एक फोटो काढून ठेवावा. रोज पाहणाऱ्या डोळ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही. मागच्या रविवारचा फोटो शेजारी धरला की दिसतो. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, पर कडेने झिजले, पोट खपाटीला गेलं, हे मोठा करून पाहिलेल्या फोटोत आधी कळतं. माशांच्या दुकानात जाऊन तोंडी वर्णन करण्यापेक्षा तो फोटो दाखवला की औषधही नेमकं मिळतं.

उन्हाळ्यात तर ही वही फार उपयोगी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद! अशा वेळी पेटीतलंच पाणी तांब्याने घेऊन उंचावरून पुन्हा आत सोडावं, दर दहा-पंधरा मिनिटांनी. बर्फ केलेली बंद बाटली पाण्यावर तरंगत ठेवावी, बर्फ थेट टाकू नये. आणि नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच पेटीत घालावं, म्हणजे क्लोरीन उडून जातं. काढलेलं पाणी तुळशीला, गुलाबाला द्यावं. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने पाण्यासाठी काय सोसलं ते आपण विसरलो नाही. एक तांब्याही वाया जाता उपयोगी नाही.

प्रवाळाचा मोह

परदेशी मासिकांतले निळे-जांभळे फोटो पाहून कुणालाही वाटतं की आपल्याही पेटीत प्रवाळ असावं. इथे थोडं थांबू या.

घरात प्रवाळ पाळण्याचा आरंभ एका गृहिणीनेच केला. लंडनच्या ॲना थीन या बाईंनी १८४६ साली टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणलं. पंप नव्हता, वीज नव्हती. त्यांच्या घरी रोज अर्धा-पाऊण तास खिडकीपाशी उभं राहून समुद्राचं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतलं जाई. आपण वीज गेल्यावर करतो तेच! त्यांचा प्रवाळावरचा लेख १८५९ साली छापला गेला.

त्यांचं प्रवाळ थंड समुद्रातलं होतं. आपण फोटोत पाहतो ते उष्ण समुद्रातलं, आणि प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, ती चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्यांना अन्न आणि बराचसा रंग देतं. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी तापून काही आठवडे तसंच राहिलं की शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. १९९८ साली लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातात असंच झालं. समुद्राची ही कथा, तर आपल्या बैठकीत काय होईल? दोनशे लिटरच्या पेटीला सात किलो खास मीठ, पाणी गार ठेवणारं यंत्र अहोरात्र चालू, आणि तास-दोन तास वीज गेली की जिवाला घोर.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कायदा. २००१ सालापासून खडकबांधणी करणारं सगळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. समुद्रघोड्यालाही तेच संरक्षण आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते वाघाच्या रांगेत बसतात. टिपेश्वरचा वाघ आपण घरी आणू का? दुकानदार काहीही सांगो, असला तुकडा विकत घेऊ नये. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं वेगळ्या जातीचं. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येतं.

प्रवाळाचा फोटो हवाच असेल तर त्याच्या घरी जावं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली प्रवाळ आहे, आणि तोंडाला मुखवटा लावून, वाटाड्याबरोबर ते पाहता येतं. दिवाळीनंतर समुद्र निवळतो, तेव्हा घरच्या मंडळींना घेऊन कोकणची सहल आखावी. काचेतून फोटो काढायचा सराव तिथे कामी येतो. फक्त प्रवाळाला हात लावायचा नाही आणि त्यावर पाय ठेवायचा नाही.

तोवर बैठकीतला गप्पी आहेच. आजच दुपारी काच पुसा, पडदे ओढा आणि पहिला फोटो काढून त्यावर तारीख घाला.